फॉर्म ७००

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की दंड पडायचा, आणि मराठीचा तास आठवड्यातून तीनदाच. त्यामुळे 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत माझा अजूनही घोळ होतो. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासलंय, तरी काही राहिलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दुसरी कबुली लेखात पुढे आहे. ती व्याकरणाची नाही.

माझे मामा हवाई दलात होते. हे सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "अय्या, पायलट?" मग मी सांगते, "नाही, इंजिन फिटर." त्यावर समोरच्याचा चेहरा थोडा पडतो. लहानपणी माझाही पडायचा. कॉन्व्हेंटमधल्या एका मैत्रिणीला तर मी तिसरीत असताना बेधडक सांगितलं होतं की माझा मामा फायटर विमान चालवतो. ती थाप मी सातवीपर्यंत निभावली!

आमचे आजोबा सोलापुरातल्या गिरणीत फिटर होते. गिरण्या बंद पडत गेल्या ते दिवस मामांनी डोळ्यांनी पाहिले. बारावी झाल्यावर त्यांनी हवाई दलाची परीक्षा दिली, पास झाले आणि १९९५ मध्ये बेळगावला सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाले. तिथे कवायत, मग चेन्नईजवळ तांबरमला तांत्रिक शिक्षण, मग वाळवंटातल्या तळांवर मिग-२१. वीस वर्षांनी सार्जंट म्हणून निवृत्त झाले. आता सोलापुरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे, आणि माझे लोकल गार्डियन तेच. म्हणजे होस्टेलच्या रजिस्टरमध्ये सुट्टीसाठी ज्यांची सही लागते ते.

मी लहान असताना वडिलांची नोकरी नाशिकला होती आणि मामांची बदली ओझरला. ओझर म्हटलं की नाशिककरांना मिगच आठवतं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. मिग-२१ ची बांधणी नाशिकला आणि त्याची इंजिनं ओडिशातल्या कोरापूटला, अशी वाटणी होती. त्याच ओझरला हवाई दलाचा अकरा नंबरचा बेस रिपेअर डेपो आहे. लढाऊ विमान ठरावीक तास उडालं की तिथे येतं, सांगाड्यापर्यंत उघडलं जातं, प्रत्येक भाग तपासून पुन्हा जोडला जातो. आधी मिग-२९, पुढे सुखोई-३०. पूर्ण ओव्हरहॉल झालेलं पहिलं सुखोई या डेपोनं २०१८ मध्ये परत दिलं, तेव्हा मामा निवृत्त झालेले होते. तरी पेपरातलं ते कात्रण त्यांनी दुकानात लावलंय, लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

रविवारी मामा आमच्याकडे जेवायला यायचे. जेवण झालं की घरातला मिक्सर, इस्त्री, बाबांची स्कूटर, जे हाती लागेल ते खोलायचे. जुन्या बेडशीटवर स्क्रू एका ओळीत मांडायचे, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. मी एखादा उचलून खेळायला घेतला की म्हणायचे, "ठेव. त्याच जागेवर ठेव." मला राग यायचा. मिक्सरच तर आहे!

आता गेल्या वर्षीची गोष्ट.

आमच्या कॉलेजची टीम ऑफ-रोड गाडी बनवते हे तुम्हांला ठाऊक आहेच. वर्कशॉपमागे रात्री दहापर्यंत वेल्डिंग चालतं म्हणून होस्टेलच्या निम्म्या लोकांनी आम्हांला शिव्याही घातल्या आहेत. टीममध्ये मी ब्रेकवर होते. मेकॅनिकलला मुली मोजक्या, त्यात टीममध्ये मी एकटी. त्यामुळे 'मला सगळं जमतं' हे दाखवण्याची एक घाई मला कायम असायची.

ऑगस्टमध्ये गाडीची पहिली मोठी ट्रायल होती. गाडी बाहेर काढायच्या आधी एक चेकलिस्ट भरायची असते. चाकं, स्टिअरिंग, सीटबेल्ट, ब्रेक. प्रत्येक मुद्द्यासमोर टिक आणि खाली सही. माझ्या वाट्याला नऊ मुद्दे होते. त्यातला एक असा, की ब्रेक पेडलच्या पुशरॉडचा लॉकनट पाना लावून तपासावा.

दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट होती. मेस बंद व्हायला वीस मिनिटं होती. तो नट मी दोन दिवसांपूर्वी स्वतः बसवला होता, असं मला वाटत होतं. नऊच्या नऊ टिक मी एका दमात मारल्या. पाना खिशातच होता.

गाडी माझा मित्र चालवत होता. त्याला आपण पक्या म्हणू. तिसऱ्या फेरीत वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ जाऊन बांधावर आदळली. पक्याचं डावं मनगट मोडलं. हेल्मेट आणि बेल्ट नीट होते म्हणून तेवढ्यावर भागलं. दवाखान्यात नेताना तो एवढंच म्हणत होता, "पेडल पोकळ झालं बे. पायाखाली काहीच नव्हतं."

त्याला घेऊन सगळे गेले, गाडीजवळ मी आणि एक ज्युनिअर राहिलो. मी पेडलखाली हात घातला. लॉकनट सैल होता. रॉड फिरत फिरत जवळपास बाहेर आला होता.

मी ज्युनिअरला पाणी आणायला पाठवलं. आणि रॉड आत फिरवून नट घट्ट केला.

लिहितानासुद्धा हात थांबतोय. पण हे लिहायचंच होतं, म्हणून लेख लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी गाईड सरांनी गाडी तपासली. ब्रेक ठीक निघाले. निष्कर्ष काय, तर ड्रायव्हरनं वळणावर वेग जास्त ठेवला. वर्कशॉपमध्ये, कँटीनमध्ये सगळीकडे एकच विनोद. "पक्याला लुना दे, गाडी नको." पक्या दोनदा म्हणाला की पेडल पोकळ झालं होतं. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. प्लॅस्टरचा हात घेऊन तो मागच्या बाकावर बसायला लागला. त्याच्या जर्नलमधल्या आकृत्या मी काढून द्यायचे. सगळे म्हणायचे, किती चांगली मैत्रीण!

सव्वा महिना असाच गेला.

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. त्या आठवड्यात सीनेला मोठा पूर आला होता. पुणे रस्ता बंद पडला, गावंच्या गावं पाण्यात गेली. मामांच्या दुकानात चिखलानं भरलेल्या पंपाच्या मोटारी यायला लागल्या होत्या. मी शेवटची दोन लेक्चर बुडवून मदतीला गेले. मदत म्हणजे मोटारीला चिठ्ठी बांधायची. शेतकऱ्याचं नाव, गाव, हॉर्सपॉवर.

दुकानातल्या छोट्या टीव्हीवर चंदीगडचा कार्यक्रम चालू होता. मिग-२१ चा निरोप. १९६३ मध्ये या विमानांची पहिली स्क्वाड्रन चंदीगडलाच उभी राहिली होती, म्हणून निरोपही तिथेच. बासष्ट वर्षं! आजोबा, मुलगा आणि नातू, तिघांनी एकाच जातीचं विमान चालवावं इतका काळ. विमानं शेवटचं उडाली, उतरली, दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे मारून त्यांना सलामी दिली गेली. मग हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी संरक्षणमंत्र्यांच्या हातात एक वही दिली.

मामांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "ते बघ. फॉर्म सातशे."

"ते काय असतं?"

"विमानाची वही. कुठला भाग कधी बदलला, कुठली तक्रार आली, कुणी दुरुस्त केली, सगळं. उडायच्या आधी इंजिनवाला सही करतो, बॉडीवाला करतो, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, हत्यारंवाला, सगळे करतात. त्या सह्या बघून पायलट खाली सही करतो आणि शिडी चढतो. त्याला काय माहीत आत काय आहे? तो नट खोलून बघणार नाही. तो आमच्या सह्यांवर बसून उडतो."

मी चिठ्ठी बांधत होते. दोरा हातातून सुटला.

मामांनीच पुढे सांगितलं. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. तळावर हत्यारांचा बोर्ड असतो. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, पाना पान्याच्या जागी, पक्कड पकडीच्या जागी. शिफ्ट संपली की एकही आकृती रिकामी दिसता कामा नये. कारण विमानात राहिलेला एक स्क्रू ड्रायव्हर कंट्रोलच्या दांड्यात अडकला किंवा इंजिनात ओढला गेला, तर संपलंच. मिग-२१ ला एकच इंजिन, आणि उतरतानाचा वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या वर. चूक सुधारायला वेळ नसतो.

एका संध्याकाळी मामांनी बोर्ड न बघता 'हत्यारं पूर्ण' म्हणून सही केली. खोलीवर जाताना काय वाटलं कुणास ठाऊक, मागे वळून पाहिलं. एक छोटा स्क्रू ड्रायव्हर नव्हता. त्या विमानाला रात्रीचं उड्डाण होतं.

"मग?"

"मग काय! सार्जंटकडे गेलो. पाय लटपटत होते. सांगितलं, सर, सही खोटी आहे. उड्डाण थांबलं. सगळी शिफ्ट परत बोलावली. टॉर्च लावून एकेक पॅनेल उघडलं. सहा तास. सगळे मनातल्या मनात मला शिव्या घालत होते. पहाटे सापडला, ट्रॉलीच्या तळाशी, चिंध्यांखाली. विमानात नव्हताच."

"म्हणजे उगाचच थांबवलं," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मिक्सरचा स्क्रू उचलल्यावर पाहायचे. "नव्हता हे कळायला सहा तास लागले, बाळ. ते सहा तास म्हणजेच मेंटेनन्स."

त्यांना शिक्षा झाली, चौदा दिवस जादा ड्युटी. पण त्या रात्री उडणार होता तो पायलट सकाळी हँगरमध्ये आला. मोठा अधिकारी, नाव सांगत नाही. मामांचा हात हातात घेतला आणि नुसतं "थँक यू" म्हणून गेला. मामा म्हणाले, "वीस वर्षांत मला दोन मेडलं मिळाली. कपाटात आहेत. हा हात मात्र आठवतो."

टीव्हीवर कार्यक्रम संपत आला होता. मी बोलून टाकलं. नट, टिक, पक्या, सगळं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "नंतर घट्ट तू केलास?"

"हो."

"सैल राहिला ती चूक. चूक माझीपण झाली. नंतर घट्ट केलास..." एवढं म्हणून ते थांबले आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. उठून मोटार धुवायला लागले. निघताना फक्त म्हणाले, "जेवून जा. मामीनं शेंगाची चटणी केलीय." रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री होस्टेलवर लॅपटॉप उघडून बसले. मिगबद्दल वाचत गेले. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेली माहिती सापडली. घेतलेली मिग जातीची विमानं ८७२, अपघात ४८२, त्यांत १७१ वैमानिक गेले, शिवाय ३९ सामान्य नागरिक. कारणं दोन, माणसाच्या चुका आणि तांत्रिक दोष. 'माणसाच्या चुका' या शब्दांवर मी थांबले. कुठल्या माणसाच्या?

मग फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्याबद्दल वाचलं. १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगडजवळ रात्रीच्या उड्डाणात त्यांचं मिग-२१ कोसळलं. चूक वैमानिकाचीच, असा सूर निघाला तेव्हा त्यांच्या आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. वर्षानुवर्षं त्या प्रश्न विचारत राहिल्या. मुलगा परत येणार नव्हताच. त्याच्या नावावरचा डाग तरी जावा, एवढ्यासाठी एक आई लढली. मला पक्याची आई आठवली. फोनवर मला म्हणाली होती, "तूच समजाव गं त्याला, गाडी हळू चालव म्हणून."

आणि मग कॅनडा. आपल्या मिगचं आणि कॅनडाच्या सी किंग हेलिकॉप्टरचं नशीब सारखंच वाटलं मला. सी किंगही १९६३ मध्येच आलं. त्याच्या जागी नवी हेलिकॉप्टरं घ्यायचा करार १९९३ मध्ये सरकार बदललं आणि रद्द झाला. मग जुनं सी किंगच उडत राहिलं, थेट २०१८ पर्यंत. जहाजाच्या डेकवर, खाऱ्या वाऱ्यात, आपल्या वयापेक्षा मोठं यंत्र उडतं ठेवणारे तिथले फिटर कोण होते, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? आपल्याकडे तरी कुठे माहीत असतात! नांदेड जिल्ह्यातले व्ही. आर. चौधरी २०२१ मध्ये हवाई दलप्रमुख झाले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, हे आमच्या अख्ख्या मजल्यावर एकीला माहीत नव्हतं.

कॅनडातलीच दुसरी गोष्ट प्रवासी विमानाची आहे, पण आपल्या शाखेच्या प्रत्येकानं वाचावी अशी. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. नवं विमान किलोत मोजणारं, आणि लोकांची सवय पाउंडांची. इंधन मोजण्याचं यंत्र बंद होतं, म्हणून हिशेब हातानं केला. एका लिटर इंधनाचं वजन साधारण ०.८ किलो धरायचं, त्याऐवजी पाउंडांचा १.७७ हा आकडा वापरला. हवं होतं २२,३०० किलो, टाकीत पडलं निम्म्याहून कमी. हिशेब तपासला गेला, पण प्रत्येक वेळी त्याच चुकीच्या आकड्यानं. ४१,००० फुटांवर इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअर्सन ग्लायडर चालवणारे होते, म्हणून त्यांनी एवढं मोठं विमान ग्लायडरसारखं तरंगत आणलं. सहवैमानिक क्विंटाल पूर्वी कॅनडाच्या हवाई दलात गिमली नावाच्या तळावर होते. तो तळ बंद झाला होता, पण धावपट्टी त्यांना आठवत होती. तिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती भरल्या होत्या! तरी विमान उतरलं. ६९ माणसं वाचली.

व्हायवाला सर 'युनिट लिही' म्हणून ओरडतात ना, ते उगाच नाही. आणि आपण? आपण प्रॅक्टिकल न करता रीडिंग लिहितो. मागच्या बॅचची फाइल काचेखाली दिवा लावून छापतो, त्याला प्रेमानं 'जीटी' म्हणतो. ग्राफ आधी काढतो आणि त्यावर बसतील असे आकडे मागून शोधतो. सबमिशनला सही मिळते. माझी टिक तिथेच शिकलेली होती. चेकलिस्ट हेसुद्धा एक सबमिशनच आहे, असं माझ्या हाताला वाटलं.

सोमवारी मी गाईड सरांकडे गेले. आधी पक्याला सांगायला हवं होतं, पण तेवढा धीर नव्हता. सरांनी सगळं ऐकलं. संपूर्ण टीमला बोलावलं आणि मला म्हणाले, आता यांच्यासमोर सांग. मी सांगितलं. इंग्रजीत सुरू केलं, मध्येच मराठीत आले. रडायचं नाही ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

पक्या उठून बाहेर गेला.

वर्षभरासाठी ब्रेकचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ते योग्यच झालं. हत्यारांचा बोर्ड करायचं काम मी मागून घेतलं. प्लायवूडचा तुकडा, त्यावर प्रत्येक पान्याची पांढऱ्या रंगात आकृती. रोज रात्री शेवटी मी तो बघते, मगच दिवा बंद करते. चेकलिस्टवर आता टिक चालत नाही. पूर्ण नाव, वेळ, आणि पाना लावला की नटावर पिवळ्या रंगाची रेघ. एकानं तपासलेलं दुसऱ्यानं पुन्हा तपासायचं.

पक्या तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, पण पूर्वीसारखं नाही. मधे एक सेकंद थांबतो. तो सेकंद मी कमावलेला आहे. गाडी तो पुन्हा चालवत नाही, डाव्या मनगटाला अजून थंडीत कळ येते. पण त्याला लुनावरून आता कुणी चिडवत नाही. या लेखाचा कच्चा खर्डा मी त्यालाच आधी दाखवला. त्यानं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका ठिकाणी 'जोरात' होतं तिथे 'सरळ' केलं, आणि कागदाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, "तपासलं." त्याखाली सही.

होटगी रोडचं आपलं विमानतळ कित्येक वर्षं नुसतं बोर्डापुरतं होतं. कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, त्यावरून केवढा वाद झाला हे सगळ्यांना आठवत असेल. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना कधीकधी ते जाताना दिसतं. सगळ्या मुली हात हलवतात. मीही हलवते. फक्त आता वर बघताना मला पायलट आठवत नाही. खाली कुठेतरी हँगरमध्ये, हाताला ग्रीस लागलेला, वहीवर सही करण्यापूर्वी एकदा मागे वळून बोर्डाकडे बघणारा कुणीतरी आठवतो.

परवा मामांनी होस्टेलच्या रजिस्टरमध्ये माझ्या दिवाळीच्या सुट्टीची सही केली. सही करण्यापूर्वी त्यांनी तारीख तपासली, गाडीची वेळ विचारली, तिकीट बघितलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली कंटाळल्या होत्या.

मी गप्प उभी राहिले.